जबडा फेकणारा मासा

आपण नागपूरकर. समुद्र आपल्यापासून आठशे किलोमीटर दूर. रात्री गाडीत बसावे, सकाळी मुंबईला उतरावे, तेव्हा कुठे त्याचे दर्शन व्हायचे. म्हणून मासा म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे रोहू येतो, कतला येतो, मरळ येतो. फार तर झिंगे. हे सगळे गोड्या पाण्यातले जीव. खाऱ्या पाण्याचा मासा आपल्या बाजारात येतो तो बर्फात बसून.

तरीपण समुद्राच्या तळचा एक मासा आज प्रतापनगरातल्या घरोघरी पोचला आहे. तो आला मोबाईलवरून. तुम्हीही पाहिला असेल. अंग गुलाबी, जणू सोललेले. कपाळातून पुढे आलेली एक चपटी सुरी. तिच्याखाली तोंडातून बाहेर लोंबणारा जबडा आणि त्यात खिळ्यांसारखे दात. खाली मजकूर असतो, समुद्रात राक्षस सापडला, प्रलय जवळ आला, दहा जणांना पाठवा.

आमच्या रात्रीच्या वर्गातल्या एका मावशींनी हा मजकूर मला वाचून दाखवला. अक्षर अक्षर लावून, पण स्वतः वाचला. मला आनंद झाला. मग त्या म्हणाल्या, "गुरुजी, हे खरं आहे का हो? पोरं भिऊन राहिली ना!" वाचता येऊ लागले म्हणजे खोटेही वाचता येऊ लागते. ते ओळखायचे कसे, हा पुढचा धडा. म्हणून आज त्या माशाचीच नीट माहिती घेऊ.

मासा खरा आहे. राक्षस तेवढा खोटा आहे.

हा शार्क जातीचा मासा. शार्कला आपल्या कोकणात मुशी म्हणतात, मोरीही म्हणतात. मालवणकडे मोरीचे मटण मोठ्या आवडीने करतात. शार्कच्या अंगात आपल्यासारखी कडक हाडे नसतात. आपला कान हाताने मुडपून पाहा. तो मुडपतो, पण मोडत नाही. कानाच्या पाळीच्या वर जो लवचीक भाग असतो त्याला कूर्चा म्हणतात. शार्कचा सारा सांगाडा अशा कूर्चेचा बनलेला असतो. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे कामी येणार आहे.

जगात शार्कच्या पाचशेहून जास्त जाती आहेत. त्यांतली ही एक. तिला इंग्रजीत गॉब्लिन शार्क असे नाव पडले. गॉब्लिन म्हणजे विलायती गोष्टींतले कुरूप, खोडकर भूत. पण हे नाव मूळ जपानी नावावरून आले. जपानी लोकांच्या कथांत तेंगू नावाचा एक डोंगरातला प्राणी असतो. तोंड लालभडक आणि नाक हातभर लांब. कोळ्यांच्या जाळ्यात हा मासा आला, त्याचे नाक पाहिले, आणि लोक म्हणाले, हा तर तेंगू! झाले, तेव्हापासून तेंगूझामे. झामे म्हणजे शार्क. आपल्याकडे नाही का, काटकुळ्या माणसाला गावात काडी म्हणतात? तसेच हे.

शास्त्रज्ञांच्या हाती तो पहिल्यांदा लागला तोही जपानातच, योकोहामा बंदराजवळच्या सागामी उपसागरात. ते पिल्लूच होते, लांबी १०७ सेंटिमीटर, म्हणजे साडेतीन फूट. अॅलन ओस्टन नावाचा एक इंग्रज व्यापारी योकोहामाला राहत असे आणि प्राण्यांचे नमुने गोळा करीत असे. त्याने हा मासा तोक्योच्या विद्यापीठातील प्राध्यापक काकिची मित्सुकुरी यांना दिला. मित्सुकुरींनी तो डेव्हिड स्टार जॉर्डन या अमेरिकन मत्स्यपंडिताकडे सोपवला. जॉर्डनने १८९८ साली त्याचे वर्णन छापले आणि नाव ठेवले मित्सुकुरिना ओस्टोनी. देणारा आणि आणणारा, दोघांचीही नावे माशाच्या नावात कायम राहिली. मला ही रीत आवडते. नाहीतर पुष्कळदा आणणारा मागेच राहून जातो.

आता तो राहतो कुठे ते पाहू. मोठे मासे बहुधा तीनशे मीटरच्या खाली असतात. तेराशे मीटर खोलीवरही तो मिळालेला आहे. हजार मीटर म्हणजे किती खोल? आपल्याकडची एक चांगली विहीर पन्नास फुटांची धरा. अशा पासष्ट विहिरी एकीखाली एक ठेवल्या की हजार मीटर भरतात.

तिथे काय असते? आधी अंधार. दोनशे मीटरच्या खाली उजेड मंदावतो. हजार मीटरवर सूर्याचा एक किरणही पोचत नाही. थंडी तर अशी की मे महिन्यातल्या नागपूरकराला हेवा वाटावा. आणि वरून पाण्याचे वजन. दर दहा मीटर खाली गेले की एका चौरस सेंटिमीटरवर सुमारे एक किलो वजन वाढते. आपल्या अंगठ्याचे नख साधारण तेवढे असते असे समजा. म्हणजे हजार मीटर खाली तुमच्या नखाएवढ्या जागेवर शंभर किलो भार येणार, क्विंटलभर ज्वारीचे पोते! मग मासा चिरडून कसा जात नाही? कारण त्याच्या अंगातही पाणीच भरलेले असते. बाहेरून जितका रेटा, आतूनही तितकाच. पोकळ डबा दबतो, पाण्याने भरलेला दबत नाही. या माशाच्या पोटात हवेची पिशवीही नसते. पुष्कळ माशांना ती असते, तरंगायला. शार्कचे काम मोठ्या यकृतावर चालते. यकृतात तेल भरलेले असते, आणि तेल पाण्यापेक्षा हलके.

हे शार्कच्या यकृताचे तेल आपल्या जुन्या मंडळींना आठवत असेल. पोरे अशक्त झाली किंवा रात्री दिसेनासे झाले की ते चमच्याने पाजत. त्यात अ जीवनसत्त्व भरपूर असते. वास मात्र असा की पोरगे गल्लीच्या टोकापर्यंत पळे. असो.

तर अशा अंधारात हा मासा भाकरी मिळवतो कशी? इथे खरी गंमत आहे.

मासा मोठा आहे. तीन-चार मीटर लांबी नेहमीची. काही माद्या साडेपाच मीटरपर्यंत, म्हणजे अठरा फूट, भरल्या आहेत. पण ताकद मुळीच नाही. अंग मऊ आणि ढिले. पंख लहान. शेपटी लांब, पण झोडपा मारायला लागणारा तिचा खालचा भाग नाहीच. जोराने पोहणारा शार्क कसा असतो? बांधा घट्ट, शेपटी चंद्रकोरीसारखी. हा त्याच्या अगदी उलट. शर्यत लावली तर हरणारच. आणि खोल पाण्यात अन्न थोडे. आज एक घास मिळाला तर उद्याचा भरवसा नाही. अशा ठिकाणी धावाधाव करणाऱ्याची पुंजी लवकर संपते. म्हणून हा धावत नाही. तो तरंगत राहतो. जवळजवळ हलतच नाही.

अंबाझरीच्या काठावर सकाळी बगळा पाहिला आहे ना? एका पायावर उभा. लोक म्हणतात ध्यान लावले. कसले ध्यान! मासोळी टप्प्यात आली की मान अशी सुटते की डोळा लवायच्या आत काम फत्ते. बगळ्याचे सगळे शरीर पुढे जात नाही, फक्त मान जाते. घोयरा सरडाही जागचा हलत नाही, जीभ फेकतो. आपला हा मासा काय फेकतो? तो जबडाच फेकतो.

पण त्याआधी एक प्रश्न राहतो. वर्गात तो बरोबर विचारला गेला. अंधारात दिसत नाही, मग शिकार जवळ आली हे याला कळते कसे?

डोळे आहेत, पण लहान. खरे काम त्या लांब नाकाचे. चित्रात ती सुरी पाहून वाटते की तिने तो भोसकत असेल. तसे नाही. ते नाक नरम असते. त्याने कुणाला भोसकता येणार नाही. त्या नाकाच्या कातडीवर बारीक बारीक छिद्रे असतात. प्रत्येक छिद्राच्या आत एक नळी, आणि नळीत जेलीसारखा बुळबुळीत रस. सगळ्याच शार्कच्या तोंडाभोवती अशी छिद्रे असतात. स्टेफानो लोरेन्झिनी नावाच्या इटलीच्या वैद्याने १६७८ सालीच त्यांचे वर्णन केले होते. पण ती कशासाठी आहेत हे कळायला पुढे जवळजवळ तीनशे वर्षे लागली. ती वीज ओळखण्यासाठी आहेत.

वीज म्हटल्यावर तुम्ही खांबाकडे पाहाल. पण वीज आपल्या अंगातही आहे. दवाखान्यात छातीवर तारा चिकटवून कागदावर नागमोडी रेघ काढतात, ती तुम्ही पाहिली असेल. त्याला ईसीजी म्हणतात. ती रेघ कुठून येते? हृदय आकसते तेव्हा अगदी थोडी वीज निर्माण होते, ती यंत्र टिपते. तसेच माशाचे. त्याचे हृदय चालते, कल्ले हलतात, तेव्हा त्याच्याभोवती थोडीशी वीज पसरते. खारे पाणी ती पुढे नेते. शार्कचे नाक ती टिपते. म्हणजे असे समजा की हा मासा अंधारात दुसऱ्याचा ईसीजी काढत फिरतो.

हे नुसते सांगणे नव्हे, करून पाहिलेले आहे. कालमाइन नावाच्या डच शास्त्रज्ञाने १९७१ साली आपले प्रयोग प्रसिद्ध केले. त्याने हौदात एक लहान जातीचा शार्क ठेवला. एक चपटा मासा वाळूत पुरला. शार्कने तो शोधला. कुणी म्हणेल, वास आला असेल. म्हणून त्याने तो मासा अगर नावाच्या पदार्थाच्या पेटीखाली झाकला. हे अगर म्हणजे आपले चायना ग्रास, खरवसासारखे थिजते तेच. त्यातून वीज जाते, पण दिसत काही नाही. वासही बाजूला नळीने दूर नेला. शार्क बरोबर माशाच्या वरच येऊन तुटून पडला. मग अगरवर प्लॅस्टिकचा पातळ पापुद्रा घातला. प्लॅस्टिकमधून वीज जात नाही. आता शार्क वरून गेला तरी त्याला पत्ता नाही! शेवटी त्याने मासा काढूनच टाकला आणि वाळूत विजेच्या दोन तारा पुरून माशाएवढी वीज सोडली. शार्क त्या तारांनाच चावू लागला. एवढी स्वच्छ सिद्धता क्वचित मिळते. मी शाळेत असतो तर हा प्रयोग फळ्यावर काढून दिला असता.

ही शक्ती किती बारीक असते? काही शार्कांच्या बाबतीत असा हिशेब निघाला आहे. टॉर्चमधला एक सेल घ्या. त्याच्या दोन टोकांना दोन तारा जोडा, आणि तारांची टोके समुद्रात तीन हजार किलोमीटर अंतरावर ठेवा. काश्मीर ते कन्याकुमारी एवढे अंतर. मधल्या पाण्यात जितकी अल्प वीज पसरेल तितकीही त्यांना कळते. आपल्या मासोबाचे नाक तर मोठे रुंद. जितके नाक मोठे तितकी छिद्रांना जागा जास्त.

तेव्हा शिकार नाकाखाली आली. कधी लांब शेपटीचा खोल पाण्यातला मासा, कधी माकूल, कधी खेकड्याच्या जातीचा जीव. आता घाई केली तर काम बिघडेल. माशाला पाण्याची हालचाल अंगावरच्या रेषेतून कळते. मोठा शार्क अंगावर धावून आला तर पाणी ढकलले जाते आणि शिकार पसार होते. म्हणून हा तसाच तरंगत जवळ जातो. मग जबडा सुटतो.

तो सुटतो कसा? जरा एक बोट आपल्या वरच्या ओठावर ठेवा आणि काहीतरी चावल्यासारखे करा. काय हलते? फक्त खालचा जबडा. वरचा आपल्या कवटीला पक्का जोडलेला आहे. शार्कचा वरचा जबडा तसा जोडलेला नसतो. तो कवटीखाली टांगलेला असतो, लवचीक बंधांनी. म्हणून शार्कला तो थोडा पुढे काढता येतो. बाजारातल्या रोहूचे ओठ हळूच पुढे ओढून पाहा, तोंड नळीसारखे पुढे येते. त्यातलाच प्रकार. पण गॉब्लिन शार्कने कमाल केली. त्याच्या जबड्याचे बंध लांब आहेत आणि तोंड मिटलेले असताना ते ताणलेले असतात. पोरे गलोल ओढून धरतात ना, आपल्याकडे कुणी तिला गुलेल म्हणते, तसे. हात सुटला की खडा सुटतो. इथे ताण सुटला की जबडा सुटतो, दातांसकट.

जपानच्या दूरदर्शनवाल्यांनी, म्हणजे एनएचके या संस्थेने, हे २००८ आणि २०११ साली समुद्रात चित्रित केले. होक्काइदो विद्यापीठाच्या काझुहिरो नाकाया आणि त्यांच्या सोबत्यांनी ती चित्रे एकेक करून तपासली आणि २०१६ साली निष्कर्ष छापले. पाच झडपा त्यांना मिळाल्या. आधी खालचा जबडा मागे पडतो आणि तोंड काटकोनापेक्षाही जास्त उघडते. मग दोन्ही जबडे पुढे झेपावतात, सेकंदाला ३.१ मीटर या वेगाने. ताशी अकरा किलोमीटर झाले. सायकलवाला जातो तेवढे. हसू नका. सायकलवाला पायाने जातो, हा नुसत्या तोंडाने! शार्कच्या जबड्याचा मोजलेला इतका वेग दुसरा नाही. आणि जबडा किती पुढे जातो? अंगाच्या लांबीच्या नऊ टक्क्यांच्या आसपास. तीन मीटरच्या माशाला हाच हिशेब लावला तर जवळजवळ एक फूट. इतर शार्कांच्या दुप्पट ते नऊपट. त्याच वेळी घशाचा तळ खाली जातो, तोंडात पोकळी होते आणि पाणी आत ओढले जाते. पाण्याबरोबर शिकारही येते. पुढचे दात लांब आणि अणकुचीदार, धरून ठेवायला. मागचे बारके, भरडायला. जबडा परत जागेवर बसतो. सगळा खेळ डोळ्यांची दोन-तीन वेळा उघडझाप होईस्तोवर संपतो.

आणि मग? मग जबडा आत, तोंड मिटलेले, मासा पुन्हा तरंगत. जिवंतपणी बहुतेक वेळ तो असाच शांत दिसतो. मोबाईलवरच्या चित्रात जबडा बाहेर लोंबतो तो का, हे आता तुमच्या ध्यानात आले असेल. पुष्कळ चित्रे मेलेल्या माशांची असतात. मेल्यावर बंध सैल पडतात किंवा कुणीतरी जबडा ओढून दाखवते. एखाद्या माणसाचे शिंकतानाचे चित्र काढून त्याचा चेहरा नेहमी असाच असतो म्हटले, तर त्याला कसे वाटेल?

गुलाबी रंगाचेही तसेच. कातडी पारदर्शक असल्यामुळे आतल्या रक्तवाहिन्यांचा रंग बाहेर दिसतो. मेल्यावर तो गुलाबीपणा जातो आणि मासा राखाडी, मातकट होतो.

प्रलयाबद्दल तर बोलायलाच नको. ह्या माशाचे घराणे साडेबारा कोटी वर्षांपूर्वीपासून पृथ्वीवर आहे. आपल्या सीताबर्डीच्या टेकडीचा काळा दगड हा लाव्हारसाचा दगड. तो लाव्हा वाहिला सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी. म्हणजे टेकडीचा दगड जन्मायच्या आधी सहा कोटी वर्षे ह्या माशाचे पूर्वज समुद्रात जबडे फेकत होते. चंद्रपूर जिल्ह्यात पिसदुऱ्याला ज्या अजस्र प्राण्यांची हाडे सापडली, ते डायनोसॉर आले आणि गेले. हा उरला. त्याचे दिसणे जर प्रलयाची खूण असती तर प्रलय केव्हाच होऊन गेला असता.

माणसाला त्याचा धोका आहे का? आपण त्याच्या घरी जात नाही, तो आपल्या घरी येत नाही. नाकाया यांच्या चित्रांसाठी पाणबुड्ये त्याच्या अगदी जवळ गेले तेव्हा एकाच्या हाताला त्याने झडप घातली, एवढेच. कोण कुणाला जास्त त्रास देतो हे पाहायचे तर उलटे पाहावे लागेल. तळाशी फिरणाऱ्या जाळ्यांत तो नको असताना सापडतो. शार्क माशांची वाढ सावकाश होते आणि पिल्ले थोडी होतात. रोहू एका हंगामात लाखो अंडी देतो, शार्कचे तसे नाही. आपल्या देशातही शार्क फार मारले गेले. त्यातल्या सर्वांत मोठ्या, ठिपकेवाल्या, गरीब स्वभावाच्या देवमाशाएवढ्या शार्कला २००१ साली कायद्याने वाघासारखे संरक्षण दिले. शार्कचे पंख परदेशी पाठवायला २०१५ साली बंदी झाली. कोकणातल्या कोळ्यांना विचारा, पूर्वीसारखी मोठी मुशी आता जाळ्यात येते का.

हिंदी महासागरातही हा मासा आहे, त्याची एक जुनी गमतीची साक्ष सांगतो. समुद्राच्या तळावरून तारायंत्राच्या जाड तारा टाकलेल्या असतात. अशी एक तार सुमारे १३७० मीटर खोलीवर बिघडली. वर काढून पाहतात तो तिच्यात एक तुटका दात रुतलेला. दात या गॉब्लिन शार्कचा! तो तारेला का चावला असेल? कालमाइनच्या हौदातला शार्क आठवा. तारेतून वीज जात होती. त्याच्या नाकाने सांगितले, काहीतरी जिवंत आहे. त्याने जबडा फेकला, आणि दात गमावून बसला.

जवळची गोष्ट १९ एप्रिल २०१४ ची. अमेरिकेत फ्लोरिडाच्या दक्षिणेला एक कोळी कोळंबी पकडत होता. जाळे सहाशे मीटरहून खोल गेले होते. वर ओढले तेव्हा कोळंबीच्या ढिगात अठरा फुटी गुलाबी मासा वळवळत होता. त्या आखातात हा मासा त्यापूर्वी एकदाच, २००० साली, सापडला होता. कोळ्याने मोबाईलवर चित्रे घेतली. दात पाहून मोजमाप घ्यायला काही तो जवळ गेला नाही, आणि ते शहाणपणाचेच होते. मग त्याने यंत्राच्या दोरीने माशाला हळूच पाण्यात सोडले. माशाने शेपूट हलवले, डोके खाली केले आणि तो तळाकडे निघून गेला.